धर्मानंद कोसंबी : प्रश्न विचारत बुद्धापर्यंत पोचलेला माणूस

वर्षावास सुरू झाला की ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर इथल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. कामावरून लोकलने थकून आलेली माणसे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली, घरचे आवरून आलेल्या माता-भगिनी असे सगळे बसतात. वाचन संपले की एखादा तरुण हात वर करतो. आत्मा नाही म्हणता, मग कर्माचे फळ भोगतो कोण? मन म्हणजे मेंदूच, की आणखी काही? सगळे कारणांनीच घडत असेल, तर मी काही ठरवतो या म्हणण्याला अर्थ काय? बुद्धाने तर्कावरही विसंबू नका असे सांगितले, मग आपण बुद्धिवादी कसे?

अनेकदा त्याला उत्तर मिळते की आधी पूर्ण ग्रंथ वाच, मग विचार. तो गप्प बसतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही.

हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, नवेही नाहीत. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्गात शिकवले जाणारे हेच प्रश्न आहेत : मन म्हणजे काय, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, आणि योग्य विचार कसा करावा. सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका अल्पशिक्षित तरुणाने बुद्धाचा शोध घेण्यासाठी घर सोडले आणि या प्रश्नांची उत्तरे जिथे लिहिलेली होती ते पाली ग्रंथ आयुष्यभर अभ्यासले. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. मराठीत पाली अभ्यासाचा पाया घालणारा हा माणूस आपल्या पोस्टरवर नसतो. त्याची सगळी मते आपल्याला पटतील असेही नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने त्याची ओळख करून घ्यायलाच हवी.

सांखवळ ते कोलंबो

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. घरची नारळाची बागायत होती, पण परिस्थिती ओढाताणीची. प्रकृती अशक्त, शाळा अर्धवट. इंग्रजी नाही, संस्कृत नाही. जे काही शिकले ते मराठीतून, स्वतः वाचून. पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न झाले आणि बागायत सांभाळण्याची जबाबदारी अंगावर आली.

त्या काळात ‘बालबोध’ नावाचे मुलांचे एक मराठी मासिक निघत असे. त्यातले बुद्धाचे छोटेसे चरित्र धर्मानंदांच्या हाती पडले आणि त्यांचे चित्त तिथेच जडले. इथे आपल्याला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मराठीत लिहिलेले बुद्धचरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले, आणि मॅट्रिक पास झालेल्या भीमरावांना केळुसकर गुरुजींनी तेच भेट दिले. गोव्याच्या बागायतीतला धर्मानंद आणि मुंबईच्या चाळीतला भीमराव, दोघांनाही बुद्ध पहिल्यांदा भेटला तो मराठी छापील पानावर. ज्या महाराष्ट्रात कान्हेरी, कार्ले, अजिंठा आहे, ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिल्याचे शिलालेख आजही दगडावर आहेत, त्या भूमीत बुद्धाबद्दल सांगणारा जिवंत संघ उरला नव्हता. वाचणे एवढाच मार्ग होता.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले. त्याच वर्षी त्यांची थोरली मुलगी माणिक जन्मली होती. बुद्धाचा धर्म शिकायचा तर आधी संस्कृत हवे, म्हणून ते पुण्याला आले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, तिथून ग्वाल्हेरमार्गे काशीला पोचले. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि पाठशाळेत शिकायचे, असे दिवस काढले. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तिथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकले होते, पण प्रत्यक्ष पाहिले आणि निराश होऊन परतले. पुढे बोधगया, कलकत्ता आणि तिथून सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकायला सुरुवात केली आणि श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला, भिक्षू म्हणून राहिले, भारतात बुद्धाच्या स्थळांची पायी यात्रा केली.

खिशात पैसे नसताना, भाषा येत नसताना एका माणसाने सहा-सात वर्षे केलेली ही वणवण वाचताना आपण भारावून जातो. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. या प्रवासाची किंमत गोव्यात तान्ह्या मुलीला घेऊन राहिलेल्या बाळाबाईंनीही मोजली. तिला कोणी विचारले नव्हते. पुढे धर्मानंद परतले, संसार पुन्हा उभा राहिला, १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. हाच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर ओळखला गेलेला डी. डी. कोसंबी. तरी मोठ्या माणसांच्या निवडीचा भार घरातल्या बाईवर कसा पडतो, हे आपण चळवळीतल्या घरांतही पाहतो. निवडीच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना कोणाला निवडीची संधीच मिळाली नाही, हा प्रश्न सोडून चालणार नाही.

पन्नास रुपयांची निवड

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्यात आले. स्वदेशी चळवळीतून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. ज्याच्याकडे एकही पदवी नव्हती तो विद्यापीठात शिकवू लागला. नाव झाले, बऱ्यापैकी पगार सुरू झाला. पण ज्या मराठी माणसांमधून आपण आलो त्यांना बुद्ध कोण सांगणार, ही टोचणी होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून काम करण्याच्या अटीवर महिना ५० रुपये देऊ केले. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ते ५० रुपये पत्करले. पुढे बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे हेच सयाजीराव.

त्यानंतर डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली. १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. आज मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत आपली मुले पाली घेऊन बी.ए., एम.ए. करतात. त्या वाटेवरचा पहिला खडी-मुरूम टाकणाऱ्यांत हे नाव आहे.

मन म्हणजे काय

१९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम सुरू केले होते आणि ते अपुरे ठेवूनच त्याचा मृत्यू झाला होता. ते पुरे करण्यासाठी पाली जाणणारा माणूस हवा होता. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले, धर्मानंद परतले, पुन्हा गेले, पुन्हा परतले. १९१० ते १९३२ दरम्यान त्यांच्या हार्वर्डला चार खेपा झाल्या. ब्रह्मी, सिंहली, सयामी लिपीतले पाठ एकमेकांशी ताडून त्यांनी ग्रंथ सिद्ध केला. देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

एका ग्रंथासाठी एवढी वर्षे का द्यावीत? कारण पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिलोनमध्ये लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे मनाचा तपशीलवार नकाशा आहे.

मन या विषयावर जगात साधारण दोन टोके दिसतात. एक म्हणते, शरीरात एक न बदलणारा आत्मा बसलेला आहे, तोच पाहतो, तोच ठरवतो, शरीर मेले की तो दुसऱ्या घरात जातो. दुसरे म्हणते, फक्त शरीर आहे, मन म्हणजे शरीराचीच हालचाल. बुद्धाने दोन्ही टोके नाकारली. शरीर आणि मन, म्हणजे रूप आणि नाम, एकमेकांच्या आधाराने चालतात. ‘विसुद्धिमग्ग’मध्ये यासाठी आंधळा आणि पांगळा यांचा दृष्टांत आहे. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघे मिळून वाट चालतात. एकट्याने कोणालाच जमणार नाही. आणि या दोघांखेरीज आत तिसरा कोणी मालक बसलेला नाही.

मालक नाही तर मी म्हणजे कोण? आपल्या रोजच्या लोकलचे उदाहरण घ्या. आपण म्हणतो, मी रोज डोंबिवलीहून तीच सकाळची लोकल पकडतो. पण काल आलेला रेक वेगळा, मोटरमन वेगळा, दारात लटकलेली माणसेही वेगळी. मग तीच म्हणजे काय? वेळ, मार्ग, थांबे आणि एकामागून एक चालणारा क्रम यांना मिळून आपण एक नाव दिले आहे. नाव खोटे नाही, त्याने व्यवहार चालतो. पण डबे, इंजिन, मार्ग आणि वेळापत्रक बाजूला काढल्यावर लोकलचा आत्मा हाती लागत नाही. ‘मी’ हेही असेच क्षणोक्षणी बदलणाऱ्या संवेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांच्या प्रवाहाला दिलेले नाव आहे. कालच्या कृतीचा परिणाम आज उमटतो तो याच प्रवाहात, जसा कल्याणला झालेला उशीर त्याच गाडीला ठाण्यातही भोवतो. त्यासाठी आत्मा लागत नाही.

धर्मानंदांनी हे ज्ञान विद्वानांपुरते ठेवले नाही. ‘समाधिमार्ग’ या पुस्तकात त्यांनी ध्यानाचे विषय साध्या मराठीत मांडले आणि अभिधम्माच्या अभ्यासासाठी ‘नवनीत टीका’ लिहिली. मन हे साक्षात्काराची वाट पाहण्याचे ठिकाण नसून पाहण्याचा, तपासण्याचा, घडवण्याचा विषय आहे, हा या ग्रंथांचा धडा आहे.

सगळे आधीच ठरलेले असते का

धर्मानंदांचे सर्वात गाजलेले पुस्तक ‘भगवान बुद्ध’. ते १९४०-४१ मध्ये दोन भागांत आले. त्यात त्यांनी बुद्धकाळातल्या इतर आचार्यांची मते तपशिलाने मांडली आहेत. त्यात मक्खली गोसाल याचे मत असे की सगळे नियतीने ठरलेले आहे. सुताची गुंडी फेकली की ती संपेपर्यंत उलगडत जाते, तसे प्राणी आपापले फेरे पुरे करणार. माणसाच्या प्रयत्नाने त्यात काही कमी-जास्त होत नाही. पूरण कस्सप म्हणे, कृतीला पाप-पुण्य काही चिकटतच नाही.

बुद्धाचा या मतांना विरोध होता, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, किंवा सर्व ईश्वराने निर्माण केल्यामुळे, किंवा सर्व काही विनाकारण, असे मानले तर हे करावे आणि हे करू नये या म्हणण्यालाच जागा राहत नाही. खून करणारा म्हणेल, माझ्याकडून ते घडणारच होते. बुद्धाने कर्माची व्याख्याच चेतनेवर, म्हणजे हेतूवर उभी केली. कारणांची साखळी आहे, पण हेतू हीही त्या साखळीतली एक कडी आहे. ती कडी बदलली तर पुढची साखळी बदलते. बौद्ध विचारातले स्वातंत्र्य ते हेच. आपण कारणांच्या बाहेर उभे राहून निवड करत नाही. आपण कारणे ओळखतो आणि त्यांत नवे कारण घालतो. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, तेव्हा शिक्षण हे असेच एक नवे कारण होते.

पुढचा मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांनी पाठच करावा. सगळी वेदना पूर्वकर्मातून येते हे मतच बुद्धाने नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, हयगय, बाहेरून झालेला आघात अशी वेदनेची वेगवेगळी कारणे त्याने मोजून दाखवली. कर्म हे त्यातले फक्त एक. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो तो विषारी वायूमुळे, आणि सुरक्षेची साधने न देता त्याला आत पाठवणाऱ्यांमुळे. त्याला त्याच्या मागल्या जन्माचे पाप म्हणणे हा बुद्धविचार नाही. ती जातव्यवस्थेची जुनी सबब आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मागल्या जन्माच्या कर्मावर आजचे दारिद्र्य लादणारी कल्पना याच कारणाने फेटाळली.

हल्ली याच जुन्या विचाराची नवी आवृत्ती मोबाइलवर फिरते. दुःख फक्त तुमच्या मनात आहे, विचार बदला, सगळे बदलेल. मन घडवता येते हे खरे. पण नोकरीत जात विचारली जाते, घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, हे काही आपल्या मनात घडत नाही. मनाचा अभ्यास करणारा माणूस समाजाकडे पाठ फिरवतो असे कोणाला वाटत असेल, तर धर्मानंदांचा पुढचा काळ पाहावा.

ग्रंथालयातून रस्त्यावर

अमेरिकेत असताना धर्मानंदांनी समाजवादी विचारांचे वाचन केले होते. १९२२ ते १९२५ ते अहमदाबादला गुजरात विद्यापीठात होते. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हा पंडित शिरोड्याला गेला, विलेपार्ल्याच्या छावणीत राबला आणि तुरुंगात गेला.

इथेही हिशेब पुरा मांडू. त्याच मार्च महिन्यात, २ तारखेला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एका बाजूला परकीय सरकारचा मिठाचा कायदा, दुसऱ्या बाजूला स्वकीयांनी बंद केलेला दरवाजा. धर्मानंद गांधीजींच्या बाजूला उभे होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. बाबासाहेबांची वाट वेगळी होती आणि आपली वाट बाबासाहेबांची आहे. तो फरक लपवायचे कारण नाही.

तरीही १९३७ साली धर्मानंदांनी केलेले काम आपल्या अगदी जवळचे आहे. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. उद्योगपती बिर्ला यांची त्याला मदत होती. काम करणाऱ्या, कष्टकरी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांपर्यंत बुद्धाचा विचार पोचावा हा हेतू. पुढे गिरण्या बंद पडल्यावर परळ-नायगावच्या चाळींतली कितीतरी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथकडे सरकली. आज आपल्या विहारांत बसणाऱ्या अनेकांचे आजोबा त्याच गिरणगावातले. १९५६ च्या धम्मक्रांतीच्या एकोणीस वर्षे आधी त्या वस्तीत एक विहार उभा होता, हे त्यांच्या नातवंडांना माहीत असायला हवे.

तर्क कसा करावा

१९२९ मध्ये धर्मानंद सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला गेले. तिथे श्चेरबात्स्की हे थोर पंडित बौद्ध न्यायशास्त्रावर काम करत होते. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांच्या तर्कशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यानंतर लगेचच प्रसिद्ध झाला.

ज्ञानाची साधने दोनच, असे या आचार्यांचे म्हणणे : प्रत्यक्ष आणि अनुमान. कोणत्याही पोथीचा शब्द, केवळ ती पोथी आहे म्हणून, तिसरे साधन होत नाही. वेदप्रामाण्याच्या मुळावर घातलेला हा घाव होता. धर्मकीर्तीने जातीचा अभिमान हे तर बुद्धीच्या जडपणाचे लक्षण मानले.

अनुमानासाठी दिङ्नागाने तीन अटी घातल्या. तुम्ही दिलेले कारण त्या गोष्टीत खरोखर असले पाहिजे. तशा दुसऱ्या ठिकाणीही ते दिसले पाहिजे. आणि जिथे निष्कर्ष लागू नाही तिथे ते कारण अजिबात दिसता कामा नये. हे ऐकायला रुक्ष वाटेल, म्हणून ऑफिसात ऐकू येणारे एक वाक्य घेऊ. अमुक माणूस आरक्षणातून आला, म्हणून त्याला काम येत नाही. पहिली अट : तो आरक्षणातून आला हे खरे असेल. दुसरी : आरक्षणातून आलेला आणि काम न येणारा आणखी एखादा कोणी दाखवीलही. तिसरी : उत्तम काम येणाऱ्यांमध्ये आरक्षणातून आलेला कोणीच नाही का? असे डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश, अधिकारी शेकड्यांनी आहेत. म्हणजे तिसरी अट तुटली आणि तर्क कोसळला. आवाज चढवायची गरज पडली नाही.

पण हीच कसोटी आपल्यालाही लावायची आहे. आपल्या नेत्याने सांगितले म्हणून खरे, आपल्या ग्रुपवर आले म्हणून खरे, विरोधकाने म्हटले म्हणून खोटे, हेही तिसऱ्या अटीत तितक्याच जोरात आपटते.

आता सुरुवातीच्या तरुणाचा शेवटचा प्रश्न. कालामांना उपदेश करताना बुद्धाने परंपरा, ऐकीव गोष्टी, ग्रंथ, गुरू यांच्याबरोबर नुसत्या तर्कालाही यादीत घातले आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात हा भाग बहुधा गाळलेला असतो. याचा अर्थ बुद्ध तर्काच्या विरोधात होता असा नाही. चतुर माणूस तर्काने कशाचेही समर्थन करू शकतो, जातीचेसुद्धा, हे त्याने पाहिले होते. म्हणून त्याने पुढची पायरी सांगितली : ही गोष्ट आचरणात आणली तर लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, लोकांचे अहित होते की हित, हे स्वतः तपासा. तर्क हवा, त्याला अनुभवाची जोड हवी, आणि दोन्हींच्या पुढे माणसाचे हित हवे.

धर्मानंदांनी ही पद्धत बुद्धाच्या चरित्रालाच लावली. शुद्धोदन हा मोठा सम्राट नसून शाक्यांच्या गणातला एक राजा होता, असे त्यांनी जुन्या पाली आधारांवरून दाखवले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा मुळात विपस्सी बुद्धाच्या चरित्रातली असून नंतर गौतम बुद्धाला जोडली गेली, असे त्यांचे मत होते. शाक्य आणि कोलिय यांच्या भांडणात हाती शस्त्र घेणारी माणसे पाहून आलेला उद्वेग त्यांना गृहत्यागाचे अधिक खरे कारण वाटले. याच विषयावर त्यांनी लिहिलेले ‘बोधिसत्त्व’ नाटक १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १९५७ मध्ये आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा बुद्धीला पटत नाही म्हणून नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या केंद्रस्थानी आणला. सत्य शोधणारी दोन माणसे वेगळ्या वाटांनी चालत एका ठिकाणी आली.

प्रामाणिक तर्काची किंमतही धर्मानंदांनी मोजली. बुद्धकाळातल्या श्रमणांच्या मांसाहाराबद्दल त्यांनी पुराव्याने लिहिले, त्यात जैन आगमांतले उल्लेखही दिले. जैन समाजात मोठा रोष उसळला. धर्मानंदांनी पुरावा मागे घेतला नाही. आणि तरीही पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माबद्दल त्यांना वाटणारा आदर तसूभर कमी झाला नाही.

शेवटची निवड

त्यांच्या अखेरच्या निर्णयाबद्दल मात्र आपल्याला स्पष्ट बोलले पाहिजे. शरीर थकले, आजार बळावला, आता आपला कोणाला उपयोग नाही असे त्यांना वाटू लागले. अन्न सोडून देह ठेवण्याचा एक प्रयत्न गांधीजींच्या आग्रहामुळे थांबला. त्यानंतर सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचा अंत झाला. सत्तर वर्षांचे आयुष्य असे संपले.

पार्श्वनाथ परंपरेतल्या सल्लेखनेचा हा प्रभाव होता. जो माणूस आयुष्यभर मध्यम मार्गाचे ग्रंथ शिकवत होता, त्याने शेवटी देहदंडाची वाट धरली. भक्त म्हणतील, महापुरुषाची करणी, आपण काय बोलावे. पण त्यांनीच शिकवलेली कसोटी त्यांना लावली तर उत्तर वेगळे येते. आजारी, म्हाताऱ्या माणसाचा समाजाला उपयोग नाही, हे गृहीतकच चूक आहे. माणसाची किंमत उपयोगावर ठरत नाही, आणि आपल्या घरातल्या आजी-आजोबांना तसे वाटू लागले असेल तर दोष आपला आहे. आजाराने पोखरलेल्या शरीराने बाबासाहेब डिसेंबर १९५६ पर्यंत ग्रंथ लिहीत राहिले. आपण त्यांच्याकडून घ्यायचे ते हे.

धर्मानंदांना कमी लेखण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांना देव्हाऱ्यात बसवून हात जोडणे सोपे आहे. त्यांच्याशी वाद घालणे हा त्यांचा खरा सन्मान, कारण त्यांनीही आयुष्यभर तेच केले. ‘बालबोध’मधल्या चार पानांनी त्यांचे समाधान झाले असते तर ते सांखवळच्या बागायतीत नारळ मोजत राहिले असते.

म्हणून विहारात पुढच्या वेळी एखाद्या मुलीने किंवा मुलाने हात वर केला, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि पुढच्या रविवारी मिळून शोधू म्हणा. ‘भगवान बुद्ध’ आणि धर्मानंदांचे आत्मचरित्र ‘निवेदन’ ही दोन्ही पुस्तके विहाराच्या कपाटात बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ठेवा. दर महिन्याला एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि त्यावर तासभर बोला. कल्याणच्या ज्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दाने दिली, त्यांनी ती भिक्षूंना राहायला, शिकायला जागा व्हावी म्हणून दिली. आपण आज वर्गणी काढून बांधलेल्या विहारात शिकण्याची जागा नसेल, तर त्या भिंती कशासाठी उभ्या केल्या?

जयभीम! नमो बुद्धाय!